चंद्राचे पंचांग, सूर्याचे पीक

दिनदर्शिकेची पाने वर्षानुवर्षे उलटणाऱ्या कोणाही संसारी माणसाच्या ध्यानात एक चमत्कारिक गोष्ट आल्यावाचून राहत नाही. २०१७ साली दसरा ३० सप्टेंबरला झाला आणि २०२० साली तोच दसरा २५ ऑक्टोबरपर्यंत लांबला. अक्षय्य तृतीया २०२३ साली २२ एप्रिलला आली, तर लगेच पुढच्या वर्षी १० मेला. एकंदरीत आपले सणवार इंग्रजी तारखांच्या हिशेबाने महिनाभर मागेपुढे डोलत असतात, आणि त्याबद्दल कोणी तक्रारही करीत नाही. परंतु त्याच दिनदर्शिकेत, त्याच पंचांगकर्त्याच्या हाताने लिहिलेले मृग नक्षत्र मात्र दरवर्षी ७ किंवा ८ जूनलाच लागते. तिथी भटकत असताना हे एक नक्षत्र एका जागी खिळून का राहावे?

हा प्रश्न वरवर पाहता कोडे घालण्यापुरताच दिसतो. पण नाशिकच्या पश्चिमेस त्र्यंबक रस्त्यावर वसलेल्या सातपुरात त्याला फार व्यावहारिक अर्थ आहे. साठीच्या दशकापासून येथे कारखाने उभे राहिले, १९८२ साली हे गाव नाशिक महानगरपालिकेत सामील झाले, आणि ज्यांचे वाडवडील दिंडोरी, पेठ, निफाड, सिन्नर येथे नांगर धरीत होते अशी असंख्य कुटुंबे येथील वसाहतींत स्थायिक झाली. शेत सुटले तरी मातीचा नाद सुटत नाही. म्हणून गच्चीवर, ओसरीपुढे, बंगल्याच्या कडेच्या हातभर पट्टीत मिरची, वांगी, दोडका, पालक, मेथी यांची लावणी चालते, आणि ती करताना गावाकडून आलेला एक नियम हमखास सांगितला जातो : जे जमिनीवर फळते ते शुक्ल पक्षात लावावे, जे जमिनीत पोसते ते कृष्ण पक्षात. अलीकडे त्यात परदेशी थाटाच्या चांद्र दिनदर्शिकांचीही भर पडली आहे, आणि त्यांत तर मुळ्याचा दिवस निराळा नि टोमॅटोचा निराळा. या सर्वांत तथ्य किती आणि भावना किती, हे पाहायचे असेल तर प्रथम ते मृगाचे कोडे सोडवले पाहिजे. कारण माझ्या मते आपल्या पूर्वजांनी शेतीसाठी चंद्र हाताशी धरला तो पिकांवर त्याची सत्ता चालते म्हणून नव्हे, तर सूर्य कोठे पोहोचला आहे हे त्याच्याकडून वदवून घेता येते म्हणून.

आकाशाची तबकडी

आकाशाकडे भिंतीवरील घड्याळाची तबकडी म्हणून पाहा. या तबकडीवर बाराऐवजी सत्तावीस आकडे आहेत, आणि अश्विनी, भरणी, कृत्तिका, रोहिणी, मृग अशी त्यांची नावे आहेत. तबकडीवर दोन काटे फिरतात. एक काटा चंद्राचा. तो अत्यंत चपळ असून सुमारे २७.३ दिवसांत पुरा फेरा करतो, म्हणजे एका नक्षत्रात जेमतेम एक दिवस राहतो. दुसरा काटा सूर्याचा. त्याला फेरा करण्यास वर्ष लागते, आणि म्हणून एका नक्षत्रात त्याचा मुक्काम सरासरीने साडेतेरा दिवसांचा होतो. ऋतू, ऊन, दिवसाची लांबी, पावसाचे येणे-जाणे, हे सर्व या दुसऱ्या, मंद काट्यावर अवलंबून आहे.

अडचण एवढीच की हा मंद काटा ज्या आकड्यावर असतो तो आकडा स्वतःच्याच तेजाने झाकून टाकतो. सूर्य मृगात आहे म्हणजे मृगाच्या चांदण्या दिवसा आकाशात आहेत; त्या दिसणार कशा? येथे चंद्र उपयोगी पडतो. पौर्णिमेला चंद्र आणि सूर्य तबकडीच्या समोरासमोरच्या टोकांना असतात. म्हणून पौर्णिमेचा चंद्र कोणत्या चांदण्यांजवळ आहे हे रात्री डोळ्यांनी पाहिले की सूर्य त्याच्या बरोबर विरुद्ध बाजूस आहे हे आपोआप कळते. चित्रेजवळ पूर्णचंद्र तो चैत्र, विशाखेजवळ तो वैशाख, कृत्तिकांजवळ तो कार्तिक. महिन्यांची नावे पडली ती अशी. दत्तजयंतीच्या रात्री, म्हणजे मार्गशीर्ष पौर्णिमेस, मृगाच्या आसपास जो चंद्र दिसतो तो डिसेंबरातला असतो. त्यानंतर जवळजवळ सहा महिन्यांनी, जूनच्या पहिल्या पंधरवड्यात, सूर्य त्याच मृगात येतो आणि शेतकरी आभाळाकडे डोळे लावून बसतो. मार्गशीर्ष थंडीचा आणि मृग पावसाचा हा जो विरोधाभास लहानपणी अनेकांना जाणवतो, त्याचा उलगडा इतका सोपा आहे : चांदण्या त्याच, पण एकदा त्यांच्यापाशी चंद्र आहे आणि एकदा सूर्य.

आता मूळ कोड्याकडे वळू. दसरा, अक्षय्य तृतीया वगैरे सण तिथीवर बसतात. तिथी म्हणजे चंद्र आणि सूर्य यांच्यातील अंतर बारा-बारा अंशांनी मोजण्याचे माप. अशा तिथींचा चांद्रमास २९.५३ दिवसांचा आणि बारा मासांचे वर्ष सुमारे ३५४ दिवसांचे. ते सौर वर्षापेक्षा अकरा दिवसांनी उणे पडते, म्हणून सण दरसाल अलीकडे सरकतात, आणि सुमारे साडेबत्तीस महिन्यांनी अधिक मास घातला की एकदम पलीकडे ढकलले जातात. याच्या उलट, शेतकऱ्याच्या तोंडी असलेली रोहिणी, मृग, आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य, आश्लेषा, मघा, पूर्वा, उत्तरा, हस्त ही पावसाची नक्षत्रे सूर्याची आहेत. रोहिणी २५ मेच्या सुमारास, आर्द्रा २१-२२ जूनला, हस्त २७ सप्टेंबरच्या सुमारास. त्यांत चंद्राचा संबंध नाही, म्हणून ती हलत नाहीत. पुनर्वसूच्या पावसाला ‘तरणा’ आणि पुष्याच्या पावसाला ‘म्हातारा’ म्हणणारा कुणबी पंचांग चांद्र आहे की सौर असला वाद कधी घालीत बसला नाही. पण पेरणीच्या वेळी त्याने नेमका सूर्याचा रकाना धरला.

चंद्राचा प्रवेश या हिशेबात होतो तो एका मौजेच्या दारातून. प्रत्येक पर्जन्यनक्षत्राला पंचांगात बेडूक, मोर, म्हैस, गाढव, हत्ती अशी नऊ वाहनांपैकी एक वाहन दिलेले असते आणि त्यावरून पाऊस भरपूर की तुटपुंजा हे वर्तवले जाते. हे वाहन निघते ते सूर्याच्या नक्षत्रापासून त्या वेळच्या चंद्राच्या नक्षत्रापर्यंत मोजून, त्या संख्येला नवाने भागून उरणाऱ्या बाकीवरून. या भागाकारात ना ढग आहे ना वारा. शिवाय पंचांग साऱ्या महाराष्ट्राला एकच. मग नाशकात वर्षाकाठी सुमारे ७०० मिलिमीटर आणि त्याच जिल्ह्यातील इगतपुरीत ३००० च्या वर पाऊस पडतो, तेव्हा मोर नेमका कोणाच्या अंगणात नाचला म्हणायचे? कृषिखात्याचा सल्ला याहून रूक्ष असला तरी अधिक विश्वासाचा आहे : ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन जमिनीत पुरेशी ओल उतरल्याखेरीज खरिपाची पेरणी करू नये.

दप्तरातील साक्ष

शेती चंद्रावर चालत नाही, हे सिद्ध करण्यासाठी विज्ञानाच्याही आधी सरकारी दप्तराची साक्ष काढता येते, आणि ती मोठी बोलकी आहे. हिजरी सन शुद्ध चांद्र आहे. त्यात अधिक मास नसल्यामुळे तो सर्व ऋतूंतून फिरत राहतो. धार्मिक कृत्यांना त्याची बाधा नाही. परंतु जमाबंदीच्या कामी तो लावला तर रयतेवर विलक्षण संकट ओढवते. सौर हिशेबाने ३२ वर्षे झाली की चांद्र हिशेबाने ३३ होतात. म्हणजे ३२ पिके काढून ३३ सारे भरण्याची पाळी यावयाची, आणि वसुलाची तारीख कधी सुगीत तर कधी ऐन नांगरटीत पडावयाची. यावर तोड म्हणून दक्षिणेत, बहुधा १३४४ साली, हिजरीचेच आकडे घेऊन एक सौर सन सुरू करण्यात आला. तो सुहूर सन. त्याचा वर्षारंभ होई सूर्य मृगात शिरण्याच्या दिवशी. आणि म्हणूनच मराठी मुलखात त्याचे रूढ नाव पडले मृगसाल.

पेशवे दप्तरातील कागद ज्यांनी चाळले असतील त्यांना ‘सलास सबैन मया व अलफ’ अशा शब्दांत लिहिलेली वर्षे परिचित असतील. तीन, सत्तर, शंभर आणि हजार अशी बेरीज करून ११७३ येतात, त्यांत ५९९ मिळवले की १७७२ सालच्या मृगापासून सुरू होणारे वर्ष निघते. शब्द अरबी, राज्य मराठ्यांचे आणि वर्षारंभ आर्द्रेच्या अलीकडील नक्षत्रावर. तेथे कोणत्याही धर्माभिमानाचा प्रश्न आला नाही, कारण हिशेब गव्हा-जोंधळ्याचा होता. फडणिसाच्या कचेरीने जे ओळखले ते आजही सुटलेले नाही : महाराष्ट्राचे महसुली वर्ष १ ऑगस्टला सुरू होते, कोणत्याही प्रतिपदेला नव्हे.

चौकट : मृगाची सरकती तारीख
मृग स्थिर आहे हे म्हणणे माणसाच्या एका आयुष्यापुरते खरे. पृथ्वीचा अक्ष अतिशय मंदगतीने डोलत असल्यामुळे चांदण्यांवर मोजलेले वर्ष ऋतूंवर मोजलेल्या वर्षाहून सुमारे वीस मिनिटांनी मोठे आहे. या वीस मिनिटांचा साठा होत होत सुमारे ७१ वर्षांत एक दिवस भरतो, आणि तेवढ्याने नक्षत्रारंभाची तारीख पुढे जाते. आजच्या दिनदर्शिकेची रीत मागे नेऊन मोजले, तर हजार वर्षांपूर्वी मृग मेच्या चौथ्या आठवड्यात लागत होता, आणि मृगसाल सुरू झाले तेव्हा मेअखेरीस. पाऊस मात्र चांदण्या पाहून येत नाही, तो ऋतू पाहून येतो. म्हणून हजार वर्षांपूर्वीच्या मृगाबद्दलचे एखादे वचन असेल तर ते ऋतुमानाने आजच्या रोहिणीला लागू करावे लागेल. १९५२ साली मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या पंचांग सुधारणा समितीपुढे हा पेच होता, आणि तिने सुचविलेले ऋतुबद्ध राष्ट्रीय पंचांग २२ मार्च १९५७ पासून सरकारी व्यवहारात आले. लोकव्यवहारात ते आले नाही, हे आपण जाणतोच.

झाडाला वेळ कशी कळते

पंचांग माणसासाठी आहे. झाडापाशी पंचांग नाही. मग त्याला हंगाम कळतो तो कशाने? मुख्यतः तीन खुणांनी : तापमान, पाण्याचा ताण आणि रात्रीची लांबी. तिन्ही सूर्याच्या स्वाधीन.

नाशिक जिल्ह्याचा कांदा घ्या. कांद्याचे रोप आधी पातच वाढवीत राहते; गड्डा धरण्याचा हुकूम त्याला मिळतो तो दिवसाची लांबी विशिष्ट मर्यादा ओलांडते आणि हवा तापू लागते तेव्हा. पानांत प्रकाश ओळखणारे एक रंगद्रव्य असते. उजेडात त्याचे एक रूप आणि अंधारात हळूहळू दुसरे रूप होते, आणि या रूपांतरावरून वनस्पती अंधाराचा कालावधी जोखते. नाशिक २० अक्षांशावर असल्याने येथला दिवस डिसेंबरात सुमारे ११ तासांचा आणि जूनमध्ये १३ तासांहून थोडा मोठा. म्हणून येथे साडेअकरा-बारा तासांच्या दिवसावर समाधान मानणाऱ्या जातीच चालतात. युरोपातील चौदा-पंधरा तासांचा दिवस मागणारा कांदा निफाडच्या काळ्या मातीत कितीही शुभ तिथीला लावला तरी पातीपलीकडे जाणार नाही. पोळ कांदा, रांगडा कांदा आणि उन्हाळ कांदा ही जी तीन हंगामांची वाटणी लासलगावच्या बाजारात चालते, तीत पक्ष आणि तिथी यांचा मागमूस नाही.

डाळिंबाची गोष्ट याहून मनोरंजक, कारण तेथे नक्षत्रांची नावे प्रत्यक्ष बागेत उतरली आहेत. सटाणा, देवळा, मालेगाव या बाजूचा बागाईतदार विचारतो, यंदा कोणता बहार धरायचा? मृग, हस्त की आंबे? डाळिंबाचे झाड मोकळे सोडले तर वर्षभर थोडे थोडे फुलत राहते आणि धड कोणतेच फळ पदरात पडत नाही. म्हणून बागेचे पाणी महिना-दीड महिना तोडतात. याला ताण देणे म्हणतात. पाणी तुटले की नवी पालवी थांबते. पण पानांचे अन्न तयार करण्याचे काम लगेच थांबत नसल्यामुळे साखर आणि पिष्ट काड्यांत साठून राहते. मग पाने गळतात किंवा गाळली जातात, खत देऊन पाणी सोडले जाते, आणि साठलेल्या शिधोरीच्या बळावर सारे झाड एकदम फुलावर येते. ताण मोडण्याचे पाणी जून-जुलैत मिळाले तर मृग बहार, सप्टेंबर-ऑक्टोबरात मिळाले तर हस्त बहार, आणि जानेवारी-फेब्रुवारीत, आंब्याच्या मोहोराच्या दिवसांत मिळाले तर आंबे बहार. मृग बहाराला पाऊस फुकट पाणी पाजतो खरा, पण त्याच दमट हवेत तेल्या रोग बळावतो. म्हणून ज्यांच्याकडे विहिरीला पाणी आहे ते हस्ताकडे वळतात. येथे निर्णय नक्षत्राच्या शुभाशुभाचा नसून पाणी, रोग आणि बाजारभाव यांच्या त्रैराशिकाचा आहे, आणि नक्षत्र फक्त त्या हंगामाचे नाव सांगते.

द्राक्षाच्या बाबतीत तर आपल्याकडच्या शेतकऱ्याने सूर्याशीच करार केला आहे. थंड देशांत द्राक्षवेल हिवाळ्यात झोपी जातो; नाशकात त्याला झोपेचे कारणच मिळत नाही. म्हणून वर्षातून दोनदा छाटणी करून पीक मात्र एकदाच घ्यावयाचे, अशी रीत येथे बसली. एप्रिलची खरड छाटणी झाली की फुटणाऱ्या नव्या काडीच्या डोळ्यांत पुढील हंगामाचे घड सूक्ष्म रूपाने तयार होतात. यालाच बागाईतदार सूक्ष्म घडनिर्मिती म्हणतात, आणि तिला मे महिन्याचे लख्ख ऊन लागते. त्या दिवसांत आभाळ दाटून राहिले तर ऑक्टोबरच्या गोडी छाटणीनंतर डोळे फुटतात, पण घड दिसत नाहीत. पाच महिने आधीच्या ढगांची वसुली वेल अशी करतो.

चंद्राचा हात कोठवर पोहोचतो

इतके झाल्यावरही एक युक्तिवाद उरतो, आणि तो ऐकताना पटण्यासारखा असतो : जो चंद्र समुद्राला भरती आणतो, तो झाडातील रस वर ओढणार नाही काय? याचे उत्तर भरती म्हणजे काय हे समजून घेण्यात आहे. चंद्र केवळ ओढतो म्हणून भरती येत नाही. पृथ्वीच्या चंद्राकडील बाजूस तो जितका ओढतो आणि पलीकडील बाजूस जितका कमी ओढतो, त्या दोन ओढींतील फरकामुळे ती येते. हा फरक सुमारे पावणेतेरा हजार किलोमीटर व्यासाच्या गोळ्यावर पसरला आहे, आणि तरीही तो पृथ्वीच्या स्वतःच्या गुरुत्वाकर्षणाच्या एक कोटीव्या भागाच्या आसपास आहे. समुद्र अफाट असल्यामुळे या क्षुल्लक ओढीचा परिणाम साठत जाऊन दृश्य होतो. दोन हात उंचीच्या वांग्याच्या झाडात बुंध्याशी व शेंड्याशी चंद्राच्या ओढीत जो फरक पडेल तो याच्याहूनही लाखो पटींनी लहान. झाडातील रस वर चढतो तो पानांतून होणाऱ्या बाष्पोच्छ्वासाच्या ओढीने, आणि ती ओढ दुपारच्या उन्हात एखाद्या पंपाला लाजवील इतकी मोठी असते. शिवाय उधाणाची भरती येते अमावास्येलाही आणि पौर्णिमेलाही, दोन्ही वेळा सारखीच. मग शुक्ल पक्षात रस चढतो आणि कृष्ण पक्षात उतरतो हे भरतीच्या आधाराने म्हणताच येत नाही.

चांदण्याचे काय? उजेड मोजण्याचे माप लक्स. भर दुपारच्या उन्हात ते एक लाखापर्यंत जाते. निरभ्र पौर्णिमेच्या चांदण्यात पाव लक्सच्या आसपास राहते. उन्हाच्या चार लाखाव्या हिश्शाइतक्या प्रकाशात कोणतीही वनस्पती अन्न शिजवू शकत नाही. मात्र अन्न शिजवणे वेगळे आणि इशारा ओळखणे वेगळे; रात्र मोजणारे रंगद्रव्य अगदी क्षीण उजेडानेही फसते, आणि शेवंतीला रात्री दिवे लावून तिची फुले लांबवणारे बागाईतदार याच फसवणुकीवर धंदा करतात. चांदणे तेवढे प्रखर ठरत असेल का, असा संशय जर्मन शास्त्रज्ञ एर्विन ब्युनिंग यांना आला होता. काही द्विदल झाडे रात्री पाने मिटतात ती चांदण्याचा व्यत्यय टाळण्यासाठी असावीत, अशी कल्पना त्यांनी १९६९ साली मांडली. कल्पना सुंदर आहे. पण सातपूरच्या गच्चीवर तिचा विचार करताना एक गोष्ट ध्यानी घ्यावी : औद्योगिक वसाहतीच्या रस्त्यावरील दिव्याखाली दहा-एक लक्स उजेड असतो, म्हणजे पौर्णिमेच्या चाळीसपट, आणि तो अमावास्येलाही असतो. ज्या तुळशीवर हा उजेड रात्रभर पडतो तिला चंद्राच्या कलांची वार्ता कोण देणार?

जर्मनीहून आलेले पंचांग

ज्या नव्या दिनदर्शिकांत मुळांचा, पानांचा, फुलांचा आणि फळांचा दिवस निरनिराळा दाखवलेला असतो, त्या आपल्या परंपरेतील आहेत असा पुष्कळांचा समज आहे. वराहमिहिराने सहाव्या शतकात बृहत्संहितेतील वृक्षायुर्वेदाच्या अध्यायात वृक्षारोपणाला पुष्य, श्रवण, हस्त, अश्विनी यांसारखी नक्षत्रे सांगितली आहेत हे खरे. पण ती चंद्राची दिननक्षत्रे असून मुहूर्ताच्या जातीची आहेत, आणि त्याच अध्यायात मातीची मशागत, झाडांतील अंतर, कलमे आणि रोग यांवर जे लिहिले आहे ते अधिक मोलाचे आहे. नव्या दिनदर्शिकांचे मूळ मात्र निराळेच. रुडॉल्फ स्टायनर यांनी १९२४ साली, तेव्हाच्या जर्मनीतील व आताच्या पोलंडमधील कोबेरविट्झ येथे शेतीवर आठ व्याख्याने दिली. त्यांतून जैवगतिक शेतीचा पंथ निघाला. पुढे मारिया थुन या जर्मन बाईंनी १९५२ पासून मुळ्याच्या पेरण्या करून पाहिल्या, आणि चंद्र ज्या राशीच्या तारकासमूहात असेल त्याप्रमाणे मुळ्याची वाढ बदलते असा निष्कर्ष काढून १९६३ पासून पेरणीचे पंचांग प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. वृषभ, कन्या, मकर या पृथ्वीतत्त्वाच्या राशी म्हणून मुळांच्या. कर्क, वृश्चिक, मीन जलतत्त्वाच्या म्हणून पानांच्या. वायुतत्त्वाच्या फुलांच्या आणि अग्नितत्त्वाच्या फळांच्या. न्यूझीलंडचे पीटर प्रॉक्टर यांच्या प्रचाराने गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात ही पद्धत भारतात पसरली.

या पद्धतीतील शेणखत, कंपोस्ट आणि जमिनीची जपणूक यांबद्दल मला आदरच आहे. पण तिचे राशिगणित तपासू लागले की पाय घसरतो. थुनबाई आकाशातील प्रत्यक्ष तारकासमूह घेतात. त्यांत कन्या क्रांतिवृत्तावर सुमारे ४४ अंश व्यापते आणि कर्क अवघी २०. आपले पंचांग सर्व राशी तीस-तीस अंशांच्या समान धरते. युरोपातील फलज्योतिषी वसंतसंपातापासून मोजतात, म्हणून त्यांच्या राशी आपल्यापेक्षा सुमारे २४ अंशांनी सरकलेल्या. चंद्राच्या चालीने हे अंतर जवळजवळ दोन दिवसांचे. परिणामी जो दिवस एका पत्रकात पालकाचा आहे तोच दुसऱ्या पत्रकात फुलांचा ठरतो. या रेघा माणसाने निरनिराळ्या सोयींसाठी आखल्या आहेत; त्यांतील नेमकी कोणती रेघ मुळ्याने मानावी? जर्मनीतच हार्टमुट श्पीस यांनी दीर्घकाळ केलेल्या शेतप्रयोगांत थुनबाईंच्या राशिसिद्धांताला दुजोरा मिळाला नाही, आणि हे गृहस्थ जैवगतिक शेतीचे विरोधक नव्हते, अनुयायीच होते. २०२० साली स्पेनमधील संशोधकांनी उपलब्ध वाङ्मयाचा धांडोळा घेऊन चंद्रकला आणि पीकवाढ यांचा संबंध दाखवणारा विश्वासार्ह पुरावा नाही, असेच लिहिले.

मग अशा पत्रकांप्रमाणे बाग करणाऱ्यांची बाग पुष्कळदा चांगली दिसते ती का? कारण साधे आहे. ज्याने पत्रक भिंतीला लावले तो रोज बागेत जातो. नेमलेला दिवस येणार म्हणून आदल्या आठवड्यात वाफे तयार करतो. सारी मेथी एका दिवशी न फेकता पंधरवड्याच्या अंतराने पेरतो, म्हणून त्याच्या घरी भाजी तुटत नाही. अक्षय्य तृतीयेला आळी करून काकडी-भोपळ्याच्या बिया टोवण्याच्या आपल्या रिवाजातही हाच गुण आहे. तिथी एप्रिलच्या उत्तरार्धात येवो वा मे महिन्यात, आळे खणून, खत घालून पावसापूर्वी तयार राहते.

अमावास्येचा खरा उपयोग

चंद्राला शेतातून अगदीच हद्दपार करणे मात्र अन्यायाचे होईल, कारण झाडे त्याच्याकडे पाहत नसली तरी कीटक पाहतात. निशाचर पतंगांसाठी शेतात प्रकाश-सापळे लावले तर पौर्णिमेच्या आसपास त्यांत पतंग कमी सापडतात आणि काळोख्या रात्री अधिक, हे जगभर वारंवार नोंदले गेले आहे. याचे एक कारण असे की लख्ख चांदण्यात सापळ्याचा दिवा फिका पडतो व त्याचा पल्ला आखडतो. दुसरे असे की उघड्या चांदण्यात वटवाघळासारख्या शत्रूंच्या भयाने काही पतंग उडणेच टाळतात. कापसाच्या मुलखातील शेतकरी अमावास्येच्या मागेपुढे बोंडअळीची अंडी पाहून फवारणीचा बेत करतो, त्यामागे हे निरीक्षण आहे. आणि टोमॅटो-हरभऱ्यावरील घाटेअळीच्या पतंगांचे आकडे वाचतानाही तिथी जवळ ठेवणे शहाणपणाचे ठरते, नाही तर पौर्णिमेला रिकामा सापळा पाहून कीड गेली असा गैरसमज होतो. येथे तिथी मुहूर्त म्हणून येत नाही, दुरुस्तीचा गुणक म्हणून येते.

आणि ज्यांना हे सर्व वाचूनही शुक्ल पक्षाच्या मेथीबद्दल शंका उरली असेल, त्यांनी कोणाचे न ऐकता स्वतः पाहावे. खर्च मूठभर मेथीच्या बियांचा आहे. एकाच पोत्यातील माती, एकाच मापाच्या कुंड्या, प्रत्येकीत मोजून पन्नास बिया. दर तिसऱ्या दिवशी एक कुंडी पेरावी आणि हा क्रम निदान चार चांद्रमास चालू ठेवावा. कुंडीवर तिथी न लिहिता क्रमांक लिहावा, पेरणाऱ्याने तिथींची वही आपल्याजवळ ठेवावी आणि आठव्या दिवशी रोपे मोजण्याचे व विसाव्या दिवशी वजन करण्याचे काम तिथी ठाऊक नसलेल्या दुसऱ्याकडे द्यावे, कारण आशाळभूत डोळा मोजणीत दोन-चार रोपे सहज वाढवतो. जोडीला रोजचे किमान तापमान टिपावे. चंद्राचा प्रभाव असेल तर आकड्यांचा चढ-उतार दर साडेएकोणतीस दिवसांनी पुन्हा त्याच जागी दिसला पाहिजे, कार्तिकात जसा तसा पौषातही. आणि निफाडकडून थंडीची लाट आलेल्या आठवड्यात जर पौर्णिमा असो वा अमावास्या, सगळ्याच कुंड्या मागे पडल्या, तर वहीत तापमानाचा रकाना आधी वाचावा व तिथीचा नंतर.